अण्णा, तो कोट मी शिवला होता

हनुमंतराव लाड. या गावात मला ज्यानं हात दिला, त्या माणसाचं हे नाव. अण्णा, आधी तुमचं नाव लिहितो आणि मग बाकीचं, कारण दिल्लीच्या अहवालात ते कुठंच नाही. तिथं तुम्ही ‘एक निरीक्षक’ आहात. एका निरीक्षकाच्या अनाठायी हट्टामुळे आघाडीवरच्या जवानांना गरम कपडे वेळेवर पोचू शकले नाहीत, असं त्यात छापलंय. दीड ओळ. तुमच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीची सरकारनं दिलेली शिलाई ती एवढीच.

तुम्ही गेलात त्याला आज अडीच महिने झाले. आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिकात तुमच्यावर कुणी लिहायचं, असा विषय निघाला तेव्हा सगळे आढ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी लिहितो. कार्यवाह म्हणाले, “लिहा मास्तर, पण जन्म, शिक्षण, नोकरी, कुटुंब, एवढंच. वादाचं काही नको.” वाद सोडून तुमच्याबद्दल लिहायचं म्हणजे मीठ सोडून लोणचं घालायचं. मी मान हलवून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. छापतील न छापतील.

मी तासगावाकडचा. चौथीतून शाळा सुटली आणि वडिलांच्या मशीनवर बसलो. वडील गेले, मशीन कर्जात गेलं, आणि कुणीतरी म्हणालं की बेंगळूरला छावणीच्या बाजूला शिंप्यांना मरण नाही, म्हणून इकडं आलो. शिवाजीनगरातल्या त्या गल्लीत माझ्या एका हाताला उर्दू, एका हाताला तमिळ, समोर कानडी. चार महिने मी कुणाशी मनातलं बोललो नव्हतो. माप घेताना तेवढं तोंडातल्या तोंडात मराठीत मोजायचो. तुम्ही पॅन्ट सैल करून घ्यायला आलात. मी पुटपुटलो, “साडेबत्तीस.” वरून आवाज आला, “तेहतीस लिही रे. पोट वाढतंय.”

मराठी! माझ्या हातातली टेप गळून पडली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही घाबरलात. “अय्यो, रडतोस काय? माप चुकलं तर चुकलं. स्वल्प ढिली शीव म्हणजे झालं.”

मग घरी नेलंत. तुमच्या घरच्यांनी, अक्कांनी वाढलं. तुमची मराठी मला तेव्हा गमतीची वाटायची. तुम्ही ‘बरं’ला ‘सरी’ म्हणायचा, ‘असू दे’ला ‘इरली’ म्हणायचा, मधेच एखादा असा जुना शब्द काढायचा की तो आमच्याकडं आज्यापणज्यांबरोबर गेलेला असायचा. मी विचारलं, तुम्ही इथले कधीपासून? तर म्हणालात, “आमचे पूर्वज फौजेबरोबर आले. परतीचा हुकूम अजून यायचाय.”

तुमच्या फौजी मालाच्या डेपोत शिंप्याची जागा निघाली तेव्हा तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मला शिकवलंत. पोस्टानं येणारं शिळं मराठी वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचायला लावायचा. मग इंग्रजी अक्षरं, मग फॉर्म, मग पावती. मी म्हणायचो, “अण्णा, शिंप्याला काय करायचंय वाचून?” तुम्ही म्हणायचा, “उद्या तुझ्या हातून सही घेतील. कशावर घेतली ते तुला कळायला नको?” मी हे चार शब्द लिहितोय ते त्या सुट्ट्यांमुळं. डेपोनं राहायला दिलेलं क्वार्टर, माझ्या दोन्ही मुलींची शाळा, सगळं त्या एका शब्दामुळं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

डेपोत कंत्राटदारांकडून जवानांसाठी माल यायचा: कोट, तंबू, अंथरुणं, झोळ्या. तुम्ही गठ्ठ्यातून मधलेच काही नग ओढून काढायचा आणि ते माझ्यापुढं यायचे. मी उसवायचो, तुम्ही भिंग लावून टाके मोजायचा, आस्तर काढून आतलं वजन करायचा, कपाटातल्या लाखेची मोहोर लावलेल्या सरकारी नमुन्याशी ताडून बघायचा. तपासणी झाली की मी ते नग परत शिवून द्यायचो. उसवलेलं काही माझ्या टेबलावरून तसंच जाऊ द्यायचं नाही, ही माझी सवय. तुम्हाला तिचं कौतुक होतं. “पास झालेलं असो नापास झालेलं असो, मास्तर सारखंच शिवतो,” असं तुम्ही नव्या लोकांना सांगायचा. कौतुक करताना तरी तुम्हाला कुठं माहीत होतं!

आपली भांडणं व्हायची ती एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, फौजेच्या खर्चाबद्दल पेपरात छापून येतं ते बरं नाही. देशाची अब्रू असते. लढाईच्या वेळी तर कुणी तोंडच उघडू नये, शत्रू हसतो.

“शत्रूला आपल्या कोटात थंडी वाजते काय?” तुम्ही विचारायचा.

“म्हणजे?”

“म्हणजे इंचाला दहा टाके लिहून सहा टाके घातले, ही बातमी शत्रूला कळून त्याचा काय फायदा? ती कळायला नको आहे ती तुला आणि मला. ‘गुप्त’ असा शिक्का मारायचा आणि आत चोरी लपवायची. बंदूक गुप्त ठेव की बाबा. बंडलातल्या चिंध्या कशाला गुप्त?”

“तरी पण मोठ्या लोकांना कळत असेलच ना काहीतरी.”

“तू फार भितोस, नारायणा.”

“मला दोन मुली आहेत, अण्णा.”

“मग भी. पण भिऊन शहाणा झालो असं समजू नको.”

हे भांडण अर्धंच राहिलं. आज मी तुमच्या बाजूनं भांडतोय, पण समोर कुणी नाही.

चीनची लढाई सुरू झाली तेव्हा गाव कसं पेटलं होतं! मैदानावर सभा झाली. बायका रांगेनं स्टेजवर जात होत्या आणि अंगावरचं सोनं काढून देत होत्या. आपल्या अक्कांनी पाटल्या काढल्या. उजव्या हातातली निघेना, तर तिथंच साबण मागितला. माझ्या बायकोनं कानातलं दिलं. आणि त्याच स्टेजवर, अण्णा, डेपोला माल पुरवणारा एक कंत्राटदार बसलेला होता, पांढऱ्या धोतरात. त्यानं जवानांसाठी मोठी देणगी दिली म्हणून त्याला हार घातला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तुम्ही तेवढे हात बांधून उभे होता. मला तुमची लाज वाटली. शेजारचा माणूस तुमच्याकडं बघत होता.

मला काय माहीत की त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्या कोटांचा अख्खा लॉट नापास केला होता! मी उसवलेले नग, पण ते कुणाचे हे मला कुठं कळायचं. आत लोकरीच्या नावाखाली पिंजलेल्या चिंध्या, आणि त्याही जागेवर धरून ठेवायला गोधडीसारखे आडवे-उभे टाके हवेत तर तेच घातलेले नाहीत. तेव्हा मीच म्हणालो होतो, “वरून कीर्तन, आतून तमाशा!” तुम्ही हसला नाहीत. लाल चिठ्ठी लावलीत. वरून कागद आला की लढाईची निकड आहे, फेरविचार व्हावा. तुम्ही परत नापास लिहिलंत. मग डेपोच्या मोठ्या साहेबांनी आपल्या सहीनं नियमात सवलत देऊन तो लॉट घेतला आणि कोट डोंगरात गेले.

लढाई थांबल्यावर इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात जखमी जवान आले. तुम्ही मला घेऊन गेलात. बेळगावकडचा एक हवालदार होता. दोन्ही हातांना पट्ट्या. बोटं हिमानं गेली होती. तुम्ही विचारलंत, कोट कसा होता?

तो हसायला लागला. “साहेब, पाठीला कापूसच नव्हता बघा. दोन दिसांत सगळा खाली येऊन बसला. वर पाठ उघडी, खाली ढुंगण तेवढं गरम! आमी म्हनायचो, सरकारनं बसून लढायला धाडलंय.”

अख्खा वॉर्ड हसला. तुम्ही खोलीच्या बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. परत आलात आणि त्याला म्हणालात, “हा कोट मला देशील?” त्यानं दिला. खांद्याची शिवण फाटलेली, पाठ रिकामी, आणि कॉलरच्या आत त्या लॉटचा शिक्का जसाच्या तसा. तुम्ही तो रीतसर नोंद करून कपाटात ठेवलात.

पुढं पेपरात ओरड झाली. लोकसभेत कुणी प्रश्न विचारला. तुमचा नापासाचा कागद मागवला गेला आणि आपल्या ऑफिसनं कळवलं की फाइल सापडत नाही. सव्वीस वर्षांत तुमच्या टेबलावरचा टाचणीचा डबा हलला नव्हता आणि फाइल सापडत नाही! मग खासदारांची समिती स्वतः डेपो बघायला येणार असं ठरलं. तुम्ही इतके खूश होता. अक्कांना म्हणालात, “कागद पळवला, कोट कसा पळवतील? कोट बोलेल.” मी तिथंच जेवायला बसलो होतो. मी ऐकलं ते. ऐकलं, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं की फाइल नाही, म्हणजे नापास केल्याचा पुरावा नाही, म्हणजे आता तो फाटका कोट तुमच्याच गळ्यात येणार.

आणि हेच नेमकं माझ्या तोंडासमोर येऊन कुणी बोललं.

समिती यायच्या आदल्या दिवशी तुम्ही कागद घेऊन मुख्य कचेरीत गेला होता. दुपारी मोठे साहेब शिवणखोलीत आले. कधी न येणारा माणूस. माझ्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले. “मास्टर, लाडसाब बड़े अच्छे आदमी हैं. लेकिन कल दिल्लीवालों के सामने वो फटा कोट रखेंगे, तो पहला सवाल यही होगा ना, ये माल पास किसने किया? निरीक्षक कौन था?” मग स्वतःशीच म्हटल्यासारखं, “अच्छे काम की इज्जत होती है. मैं तो कुछ नहीं कह रहा.” आणि गेले. थोड्या वेळानं शिपाई आला आणि दुसऱ्या दिवशी मांडायचे सगळे नग माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्यांत तो कोट होता.

मला कुणी हुकूम दिला नाही, अण्णा. हे मी लपवत नाही. हुकूम दिला असता तर कदाचित मी भिऊन तुमच्याकडं धावलो असतो. त्यांनी माझी भीती हेरली आणि त्याहून वाईट म्हणजे माझी माया हेरली. त्यांना माहीत होतं की लाडसाहेबांवर बालंट येईल म्हटलं की हा शिंपी काय वाटेल ते करील.

मी तो कोट उसवला. खाली जमलेल्या चिंध्या काढून पिंजल्या, त्यात आपल्याकडची चांगली लोकर घातली, पाठभर सारखी पसरली, आडवे-उभे टाके घातले. खांदा पक्क्या दोऱ्यानं शिवला, इंचाला दहा. इस्त्री केली. संध्याकाळी मोरीत हात धुताना मी गाणं गुणगुणत होतो. वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या उपयोगी पडलो.

दुसऱ्या दिवशी ते आले. सहा-सात जण. फोटो काढले, नारळपाणी झालं. मी नग हातात द्यायला दाराशी उभा. तुम्ही नेहमीचा काळा कोट घातला होता आणि तुमचा आवाज खणखणीत होता. तुम्ही सांगितलंत की हा कोट आघाडीवरून आला आहे, मी नापास केलेल्या लॉटमधला आहे, कॉलरवर शिक्का बघा. आणि न बघताच, नेहमीसारखा हात लांब करून तो कोट माझ्याकडून घेतलात आणि पुढं केलात.

खादीतल्या एका वृद्ध सभासदांनी तो घेतला. त्यांना खरंच बघायचं होतं, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. त्यांनी शिक्का वाचला. खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ओढली. ती तसूभर हलली नाही. पाठ दाबून बघितली. मग इंग्रजीत म्हणाले, “काम तर उत्तम आहे.”

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी माझी छाती फुगली. आणि मग मी तुमचा चेहरा पाहिला.

तुम्ही कोट परत घेतलात. उलटा केलात. बगलेपाशी बोट ठेवलंत. तिथं गाठ मारायची माझी एक पद्धत आहे, ती तुम्ही दहा वर्षं भिंगातून बघत आला होता. तुम्ही मान वर करून दाराकडं बघितलंत. रागानं नव्हे. राग असता तर मी आज जगलो असतो.

मोठे साहेब म्हणाले, “मिस्टर लाड, हॉस्पिटलातून आणलेला कोट हाच ना?”

“हो.”

“त्यात कुणी काही फेरफार केलाय, असं तुमचं म्हणणं आहे काय? असेल तर नाव सांगा. पुराव्यात ढवळाढवळ हा गुन्हा आहे.”

पंख्याचा आवाज येत होता. तुम्हाला एक नाव घ्यायचं होतं, फक्त एक. ते नाव दाराशी उभं होतं.

“माझं तसं काही म्हणणं नाही,” तुम्ही म्हणालात.

“मग हा कोट वाईट आहे?”

“त्या दिवशी वाईट होता.”

“आणि आज?”

तुम्ही कोटाची घडी घातलीत. “आज चांगला आहे.”

हसले सगळे. तो हॉस्पिटलातला हशा आणि हा हशा. मला आजही जेवताना ऐकू येतो. फक्त ते खादीतले म्हातारे हसले नाहीत. ते तुमच्याकडं बघत राहिले. पण त्यांनीही पुढं काही विचारलं नाही. का नाही विचारलं? हॉस्पिटल दोन मैलांवर होतं. हवालदार अजून तिथंच होता. त्याला जाऊन भेटायला कोणता शिक्का आडवा आला? देशाच्या पैशाची झडती घ्यायला आलेली माणसं टेबलावर मांडलेलं तेवढं बघून गेली. घरात चोर शिरला म्हणून फौजदाराला बोलवावं आणि त्यानं बैठकीची गादी उलटून जावं, तसं. बायकांनी साबण लावून सोनं उतरवून दिलं होतं, अहो! त्याचं काय झालं, हे विचारायला दोन मैल चालवत नाही?

मग ती दीड ओळ आली. चांगले कोट तुम्ही उगीच अडवून ठेवलेत. त्या अडवणुकीमुळं जवान गारठले. बोटं गेली त्याचा दोष, ज्यानं एकट्यानं नको म्हटलं त्याच्यावर. कंत्राटदाराला पुढचं कंत्राट मिळालं. मोठ्या साहेबांना बढती. तुमचं भिंग काढून घेतलं, तुमच्यावर खात्याची चौकशी लावली, आणि तुम्हाला जुन्या कागदांच्या खोलीत एका स्टुलावर बसवलं. काम काही नाही. चौदा महिने. मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटायला तुम्ही दरवर्षी उभे असायचा. त्या वर्षी कुणी बोलावलंच नाही. “चौकशी चालू आहे ना,” असं हळूच म्हणायचे. हेच लोक आता तुमच्या फोटोला हार घालणार आहेत.

मी काय केलं? मी रोज त्या खोलीवरून जायचो. समिती येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही शिवणखोलीत आला होता. मी उठून उभा राहिलो. तुम्ही माझ्या मशीनवरचा दोरा हातात घेऊन बघितलात आणि म्हणालात, “टाका छान घातलास.” बस. ते काय होतं, अण्णा? टोमणा होता? की खरंच म्हणाला होता? की मला मोकळं करत होता? तेव्हा मी खाली बघितलं. त्यानंतर चौदा महिने आपण पावसाबद्दल बोललो, रेशनच्या तांदळाबद्दल बोललो, माझ्या थोरलीच्या गणिताबद्दल बोललो. तुम्ही तिला त्या स्टुलावर बसून अपूर्णांक शिकवलेत. नोकरीला लागताना मी सही केलेला गुप्ततेचा कागद आठवून गप्प. क्वार्टर आठवून गप्प. आज सांगेन, उद्या सांगेन. आणि तुम्ही बसची वाट बघता बघता खाली बसलात आणि उठलाच नाहीत.

तुमच्या तेराव्यानंतर ऑफिसचं पत्र आलं. अक्कांनी मला वाचायला दिलं. संबंधित कर्मचारी मयत झाल्यामुळे चौकशीचे प्रकरण समाप्त करण्यात येत आहे. मी दोनदा वाचलं. समाप्त! निर्दोष नव्हे, दोषी नव्हे, समाप्त. म्हणजे ती दीड ओळ आता कायमची. माणूस मेला की खातं मोकळं होतं, मग खोडायला कोण येणार? ज्यांनी कोट पाठवले ते जिवंत, ज्यांनी घेतले ते जिवंत, फाइल हरवणारे जिवंत, आणि प्रकरण काय ते तुमच्याबरोबर मेलं.

माझ्या तोंडून तिथंच निघून गेलं, “अक्का, तो कोट मी शिवला होता.”

अक्का भांडी पुसत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. “गोत्तु,” म्हणाल्या. “ठाऊक आहे मला. त्याच संध्याकाळी सांगितलं त्यांनी.”

“मग तुम्ही मला कधी काही बोलला नाही!”

“बाहेर कुठं तुझं नाव काढलं तर माझं तोंड बघणार नाही म्हणाले. शपथ घातली मला.” मग त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. “मला शपथ होती, नारायणा. तुला कुणी घातली होती?”

त्या रडल्या नाहीत, मला जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. पत्राची घडी घालून मी त्यांच्यापुढं ठेवली आणि निघालो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “क्वार्टर जाईल.” मी म्हटलं, जाईल. “तुम्हाला धरून नेतील.” मी म्हटलं, नेतील कदाचित. कागद आणून माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, “मग स्वच्छ अक्षरात लिहा. तुमचं अक्षर लागत नाही कुणाला.”

लिहिलं. समितीच्या नावानं, मी काय केलं, कुणाच्या बोलण्यावरून केलं, दोरा कुठला, लोकर कुठली, सगळं. रजिस्टर केलं. ते परत आलं: सरकारी नोकरानं अर्ज वरिष्ठांमार्फत पाठवावा. वरिष्ठ म्हणजे कोण? तेच, बढती मिळालेले! चोराची तक्रार चोराच्या हातून पाठवायची, ही आपल्या सरकारची रीत. काल मी तो अर्ज त्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मास्टर, पागल हो गए हो? घर जाओ.” पण मी पोचपावती मागितली. त्यांनी दिली नाही. मी म्हटलं, “मग मी इथंच बसतो,” आणि बसलो. शेवटी कारकुनानं शिक्का मारून दिली. ती वाचून मगच उठलो.

तो कोट समितीनं पुरावा म्हणून मोहोर लावून ठेवलाय. चांगलं झालं. त्यांना वाटतं, तो त्यांच्या बाजूचा साक्षीदार आहे. पण शिंप्याला ठाऊक असतं, अण्णा, कापड विसरत नाही. नव्या टाक्यांच्या शेजारी जुन्या सुईची भोकं तशीच असतात. दूर दूर, इंचाला सहा. इस्त्रीनं ती मिटत नाहीत. माझी शिवण काढली की त्यांची शिवण दिसेल.

नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. किती वर्षं लागतील, तेही ठाऊक नाही. मी अजून भितो. हे लिहितानाही भितोय. पण एक दिवस मी त्या समितीपुढं उभा राहीन, तो कोट मागून घेईन आणि सगळ्यांदेखत माझ्या हातानं उसवीन. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, अण्णा. ते मी स्वतः घेईन. तुमचं ऋण मी असं फेडीन.

— नारायण, शिंपी